पिवळ्या गाडीचे वीस दिवस

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सकाळच्या रेल्वेने चंद्रभानसोबत संभाजीनगरला गेलो. गाडी ताब्यात घेतली. दुपारी दोनला निघालो, सव्वासहाला सेलूत पोचलो. वाटेत दोनदा थांबलो. गाडी पिवळी आहे, दोन सीटची आहे, आणि आत बसल्यावर समोरच्या ट्रकची चाकं डोळ्यांच्या पातळीला येतात.

चंद्रभान माझा शेजारी. रेल्वेतून निवृत्त झाला आणि आज रेल्वेनेच परत आला, कारण डाव्या सीटवर सामान होतं. सामान म्हणजे कागदपत्रांची पिशवी, छत्री आणि पेढ्यांचा पुडा. तो म्हणाला, "मांडीवर घेतो की मी." मी म्हणालो, सांडेल. पेढे सांडत नाहीत हे जालना सोडल्यावर लक्षात आलं.

जानेवारीत आम्ही साधी गाडी बघायला गेलो होतो. नव्या महामार्गात शेताचा मोठा तुकडा गेला, त्याचा मोबदला आला, आणि जुनी पांढरी गाडी दिवाळीनंतर सुरूच होईना म्हणून काढून टाकली होती. शेजारच्या दालनात ही उभी होती. गुडघे दुखत होते म्हणून जरा बसलो. विक्रेत्याने बटण दाबलं. गाडी अशी गुरगुरली की मला हसू आलं, मोठ्याने. चंद्रभान घाबरला. सप्टेंबरनंतर त्याने मला हसताना पाहिलं नव्हतं. मग उठायला गेलो तर उठता येईना. दोघांनी दंड धरून बाहेर काढलं. एवढं झाल्यावर नको म्हणणं बरं दिसलं नसतं. शिवाय ही लगेच मिळत होती.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मोटारसायकलवर शेतात जाऊन बायकोच्या, महादेवीच्या, समाधीवर बेल वाहिला. सप्टेंबरमध्ये ती गेली. पाणंदीतून नवी गाडी जात नाही. परत आलो तर महारुद्र स्वामी पूजेला येऊन बसले होते. त्यांनी बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी इतकी खाली की त्यांना मांडी घालूनच पूजा करावी लागली. म्हणाले, "अप्पा, गाडी आनली का जेवायचा पाट?"

गल्ली जमलेली. चंद्रभान म्हणाला, "ह्यात बसायचं का निजायचं तेवढं सांगा." सगळे हसले. मीही हसलो असेन.

संध्याकाळी अर्पिताला सांगितलं. मुलगी पुण्यात नोकरी करते. तिची आई गेल्यापासून रोज आठला फोन करते. माझ्यासाठी तिने एक खोली तयार ठेवली आहे, खिडकीला जाळीसुद्धा बसवली आहे. पाडव्यापर्यंत काय ते ठरवा, असं सांगून ठेवलं आहे. आज फोटो पाठवला.

"बाबा, हे काय आहे?"

"गाडी."

"कुणाची?"

"आपली."

"तुम्ही चालवायला शिकलात डिसेंबरमध्ये!"

"नोव्हेंबरमध्ये."

मग ती म्हणाली, "ऐका. गाडीला एक ओरखडा जरी पडला ना, तर मी येऊन तुम्हाला घेऊन जाणार. सामानासकट. मग चर्चा नाही. कबूल?"

मी कबूल म्हणालो. नाही म्हणायला मला वेळ लागतो, तेवढ्यात लोक पुढे गेलेले असतात.

पण मला पुण्याला जायचं नाही. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे कुठेतरी नोंद राहील. कालवा निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं नोंदवही ठेवली. तारीख, पाण्याची पातळी, शेरा. शेऱ्याचा रकाना बोटभर असायचा. या वहीत रकाने नाहीत, त्यामुळे लिहिणं जास्त होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गाडीत एक चक्कर मारायची आहे असं आतापर्यंत अकरा जणांनी सांगितलं. प्रत्येकाला काहीतरी कारण दिलं. डाव्या सीटवर पिशवी कायम ठेवतो. वजन जाणवलं की गाडी टूं टूं करत राहते, म्हणून पिशवीला पट्टा लावला.

चंद्रभानने ते पाहिलं. "वा अप्पा. पिशवीला पट्टा, आन् मला रेल्वे!"

त्याला राग आला असावा. पण मी तरी काय करू? बावीस वर्षं मी डावीकडे बसलो. गाडी महादेवी चालवायची. बोरीच्या अलीकडच्या उपकेंद्रात ती आरोग्य सेविका होती, सगळा भाग तिला सिस्टर म्हणायचा. रोज गाडीने जायची-यायची. सुटीच्या दिवशी मला घेऊन कुठे जायची तेव्हा ती चालवायची आणि बोलायची, मी बसायचो आणि टायरचा आवाज ऐकायचो. एकदा मी म्हणालो, मीही शिकतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी डावीकडंच बरे दिसता."

आता मी उजवीकडे असतो. शेजारी कुणी बसलं तर गिअर बदलताना हात अडेल, म्हणून पिशवी. ही गाडी गिअर आपोआप बदलते, पण खबरदारी घेतलेली बरी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नगरपालिकेने शाळेसमोर नवा गतिरोधक केला आहे. गाडीचं पोट घासलं. घरी येऊन सतरंजी टाकून खाली शिरलो आणि बॅटरीने पाहिलं. वीतभर ओरखडा आहे. अर्पिताने वरचा का खालचा ते स्पष्ट केलं नव्हतं. मी तिला विचारलंही नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपवास. मंदिरात गर्दी होती, बाहेरूनच नमस्कार केला. शेंगदाण्याची आमटी केली. खारट झाली. गाडी काढली नाही.

१ मार्च, शनिवार

गाडी आपटली. मला काही झालं नाही. गाडीला झालं.

आज इतकंच.

२ मार्च, रविवार

काल जे झालं ते नीट लिहितो.

दुपारी तीनला बोरीच्या रस्त्याला निघालो. तिकडे काही काम नव्हतं. रस्ता चांगला झालाय असं ऐकलं होतं. उपकेंद्रावरून पुढे गेलो. दार बंद होतं, बाहेर नवी पाटी लावली आहे. गाडी थांबवली नाही.

पुढे दोन-अडीच किलोमीटरवर रस्त्याच्या अर्ध्या भागात हरभरा पसरलेला होता. उपटून वाळवलेली झाडं, घाट्यांसकट. दोन्ही टोकांना दगड लावलेले. मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. ज्यांचा माल थोडा असतो ते असा रस्त्यावर टाकतात, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांखाली तो आपोआप झोडपून निघतो. समंजस माणूस त्यावरून गाडी नेतो. पण माझी गाडी खाली घासते, म्हणून मी मोकळ्या बाजूने निघालो. तर एक म्हातारी बाई हातातली काठी हलवत आडवी आली.

"ओ सायेब! कडंकडंनं कुठं चाललाव? वरून घ्या की!"

मी काच खाली केली. म्हणालो, गाडी खाली आहे, अडकेल.

"खाली हाय तेच चांगलं. समदं रगडून निघंल. घ्या घ्या, मधून घ्या!"

मधून घेतली. झाडं पोटाला घासत खरखर वाजली. पलीकडे जाऊन थांबलो. आरशात ती पुन्हा काठी हलवत होती. मागे घेतली. अशा चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला ती वाकून मूठभर उचलायची, फुंकर मारायची आणि तोंड वाकडं करायची.

"अहो, असं दमादमानं गेल्यावर घाटे फुटत न्हाईत! वरातीत निघालाव का? एवढी इमानासारखी गाडी घेतलीया, जरा जोर लावा की!"

मी जोर लावला.

एव्हाना चार फेऱ्यांत बराच हरभरा सुटून खाली पसरला होता. कोरड्या डांबरावर गोल, टणक दाणे. मला हे कळायला हवं होतं. लहानपणी खळ्यात असे दाणे पायाखाली येऊन आम्ही पडत असू. गाडीच्या मागच्या चाकांना तर एवढी ताकद की सहा बैलजोड्या कमी पडाव्यात. चाकं जागेवर भणभणली, दाणे छर्ऱ्यांसारखे उडाले, गाडी आधी आडवी झाली, मग उलटी झाली. म्हणजे चाकांवरच, पण तोंड सेलूकडे. मग पुन्हा बोरीकडे. मग कडब्याची गंजी समोर आली. गंजी मऊ असते. तिच्यामागे पुलाचा कठडा होता, तो मऊ नव्हता.

तोंडावर पांढरा फुगा फुटला. नंतर सगळं शांत झालं. गाडीवर कडब्याच्या पेंढ्या एकेक करून पडत होत्या.

माझा डावा हात पिशवीवर आडवा होता. महादेवी करकचून ब्रेक दाबायची तेव्हा असाच हात माझ्या छातीपुढे धरायची. मी तो का धरला कळलं नाही. पिशवीत फुटण्यासारखं काही नव्हतं.

बाई धावत आली. "अगं आई गं! हायेत का गेले?"

मी म्हणालो, आहे.

तिने आणि मी मिळून दार उघडलं. तिने मला ओढून बाहेर काढलं, बांधावर बसवलं, तांब्याने पाणी दिलं. मग रस्त्याकडे गेली, वाकली, मूठ भरली, फुंकर मारली.

"घाटे मात्र झकास फुटले बगा."

तिचं नाव सुलाबाई. तिने माझं नाव-गाव विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजी सिस्टरचे मालक का तुमी?"

मी हो म्हणालो.

"आगं बया! मंग आमचे दाजीच की!" आणि ती मांडीवर हात मारून हसायला लागली, नंतर पदराने डोळे पुसायला लागली. मी पाणी प्यायलो.

ती म्हणाली, "दर सालाला सिस्टरच यायच्या. चार वाजता दवाखाना बंद केला की त्यांची ती पांढरी गाडी घेऊन धा चकरा. धा म्हंजी धा. काच खाली करून मला वरडायच्या, सुलाबाई सरक बाजूला, बीपीच्या गोळ्या घेतल्या का? मी म्हनायचे, सिस्टर, घरी मालक रागं भरत न्हाईत का? तवा म्हनायच्या, त्यांना कोन सांगतंय? आमच्या मालकाला समदं चालतंय, टायर झिजलेला चालत न्हाई."

दरवर्षी मार्चमध्ये पांढऱ्या गाडीचे टायर झिजलेले असायचे. मी दरवर्षी टायरवाल्याशी भांडलो. एका वर्षी त्याला लेखी तक्रार दिली होती.

"मातीला आले व्हते मी," सुलाबाई म्हणाली. "तुमी कोनाकडंच बगत नव्हता. ह्या साली कोन येतंय म्हनून रस्त्याकडं डोळे लावून बसले व्हते. तर तुमी आलाव."

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "असं का? मंग आलाव कसे?"

रस्ता चांगला झालाय म्हणून, असं सांगितलं.

परभणीहून ट्रेलर आला. गाडी उचलताना खालून पसाभर हरभरा गळला. सुलाबाईने तोही गोळा केला.

आठला अर्पिताचा फोन आला. "गाडी कशी आहे?"

"उभी आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं. गॅरेजमध्ये ती उभीच आहे.

३ मार्च, सोमवार

गॅरेजवाल्याचा फोन आला. समोरचा सगळा भाग परदेशातून येणार, तीन महिने तरी लागतील. गाडीच्या आतल्या जाळीतून अजून हरभरा निघतोय, म्हणाला. नेऊ का भाजून, असंही म्हणाला.

दुपारी चंद्रभान मोबाइल घेऊन आला. सुलाबाईच्या शेताजवळच्या त्याच पुलाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी उभं होतं, त्याने सगळं चित्रीकरण केलं आहे. गाडी गिरक्या घेते, गंजीत शिरते, आणि पेंढ्या पडतात. खाली लिहिलंय : 'परभणीचं नवीन मळणी यंत्र.' माझं तोंड दिसत नाही. फक्त शेवटी बांधावर पाणी पिणारा माणूस दिसतो. त्याची पाठ माझ्यासारखी आहे.

"पोरीनं बगितलं तर?" चंद्रभान म्हणाला.

"पुण्यात कशाला बघतील परभणीचं?"

"अप्पा, मोबाइलला हद्द न्हाई. मोबाइल काय कालवा हाय व्हय, तुमच्या गेटात बंद व्हायला?"

५ मार्च, बुधवार

अर्पिता म्हणाली, आज संध्याकाळी सहाला व्हिडिओवर गाडी दाखवा, मैत्रिणीला बघायची आहे.

मी चंद्रभानकडे गेलो. पिशवीचा राग त्याने बाजूला ठेवला, हे मी विसरणार नाही. त्याने दोन बाजा आणल्या, त्यांच्यामध्ये प्लास्टिकची पाण्याची दोन पिंपं आडवी ठेवली, वर गाद्या टाकल्या आणि त्यावर गाडीचं कव्हर ओढलं. मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं. पुढून थोडी गाडीसारखी दिसत होती. मागून म्हशीसारखी.

सहाला फोन आला. मी लांबून दाखवलं.

"कव्हर काढा ना बाबा."

"धूळ बसते."

"जरा जवळ जा."

"उजेड कमी आहे."

"गाडी फुगलीये का थोडी?"

तेवढ्यात शेजारची मांजर भिंतीवरून गाडीच्या टपावर उतरली आणि टप हळूहळू आत गेला. मांजरसुद्धा आत गेली. गादीखालून तिचा आवाज येत होता.

अर्पिता म्हणाली, "छान आहे गाडी. जेवून घ्या."

तिला संशय आला नाही, असं मला वाटतं. चंद्रभानला तसं वाटत नाही.

९ मार्च, रविवार

अर्पिता आली. न कळवता. सकाळी दहाला रिक्षातून उतरली, माझ्याकडे बघायच्या आधी अंगणात गेली आणि कव्हर उचललं. दोन बाजा आणि दोन पिंपं होती. गाद्या आम्ही परत घेतल्या होत्या.

"सोमवारीच पाहिला व्हिडिओ," ती म्हणाली. "ऑफिसमधल्या एकाने दाखवला. तुमच्या परभणीचा बघ, म्हणाला. पाठ बघितल्याबरोबर ओळखलं मी."

"मग बुधवारी गाडी का बघितलीस?"

"तुम्ही कुठपर्यंत जाता ते बघत होते."

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत हात लावून पाहिलं. मान वळवायला लावली. मग रडली. मग जेवली. जेवून झाल्यावर माळ्यावरची बॅग काढली, पुसली आणि माझे शर्ट घडी करून त्यात ठेवू लागली. चंद्रभान दारातून डोकावला आणि तसाच परत गेला.

मी खुर्चीत बसून होतो. बोलायला काही तरी हवं म्हणून सुलाबाईचं सांगितलं. दहा चकरा, काच खाली, बीपीच्या गोळ्या.

अर्पिताचे हात थांबले. "माहितीये मला. मी असायचे ना. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी.ने आईकडे दवाखान्यात जायचे. मी डावीकडे बसून चकरा मोजायचे. सुलाबाई मला गूळ द्यायची."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही टायर बघितले असते."

हे खरं आहे. बघितले असते. वहीत लिहिलंही असतं. मला वाईट वाटलं. कुणाबद्दल, ते नीट सांगता येत नाही. मायलेकींनी इतकी वर्षं माझ्यापासून एक गोष्ट लपवली, आणि ती चांगलीच गोष्ट होती. आणखी अशा किती असतील?

तिने सहा शर्ट भरले. सातवा हातात घेतला तेव्हा मी म्हणालो, "मी येणार नाही."

वाक्य लहान होतं. मी आधी मनात म्हणून पाहिलं होतं. अर्पिताने शर्ट खाली ठेवला.

"कबूल केलं होतं तुम्ही."

"हो. कबूल करायला नको होतं."

"बाबा, तुम्ही मेला असता."

"हो."

"नुसतं हो काय? इथे एकट्याने राहून काय आहे तुमचं?"

मी म्हणालो, "दहातल्या पाचच चकरा झाल्या. सुलाबाईचा निम्मा हरभरा अजून राहिलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली, हसली, आणि पुन्हा रडली. आईसारखंच. दोन्ही एकदम. बॅग तशीच उघडी ठेवून झोपायला गेली. म्हणाली, उद्या सकाळी मला तिथे न्या, मग बघते.

१० मार्च, सोमवार

सकाळी सातच्या एस.टी.ने दोघं गेलो. सुलाबाई दारात तूर निवडत बसली होती. अर्पिताला तिने एका झटक्यात ओळखलं, तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "सिस्टरच की गं तू! तीच उंची, तेच नाक!" गूळ आणला. चहा झाला.

मी म्हणालो, सुलाबाई, राहिलेल्या हरभऱ्याचं काय करायचं? अर्पिता म्हणतेय, जीप भाड्याने घेऊन चकरा मारू.

"कशाचा हरभरा? कवाच झाला! यष्ट्या गेल्या की वरून. परवा पोत्यात भरून शिवला बी." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "दाजी, तुमच्या भरवशावर बसले असते तर आभाळच आलं असतं वर."

अर्पिता इतकी हसली की चहा सांडला. मला मात्र हसू आलं नाही. रात्री मी त्याच एका कारणावर झोपलो होतो.

परत येताना एस.टी.त ती म्हणाली, "आता? हरभरा तर संपला. आता काय सांगाल?"

कारण शोधून पाहिलं. घर आहे, समाधी आहे, चंद्रभान आहे, असं काय काय मनात आलं, पण त्यातलं एकेक बोललो असतो तर तिने एकेक खोडलं असतं. ती वकिलासारखी बोलते.

"काही नाही," मी म्हणालो. "राहायचंय."

"बस?"

"बस."

तिने तिकिटाचा कागद बोटावर गुंडाळला, उलगडला. सेलू जवळ आल्यावर म्हणाली, "आई असती तर आत्ता माझ्यावरच ओरडली असती. बापाला पोत्यासारखं उचलून न्यायला निघालीस म्हणून."

घरी येऊन तिने बॅगेतले सहा शर्ट पुन्हा कपाटात ठेवले. मग गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागितल्या. मी दिल्या. गाडी दुरुस्त झाली की ती स्वतः येणार, तिला पाहिजे तशी चालवणार, आणि मी त्या दिवसापर्यंत मोटारसायकल तीसच्या पुढे न्यायची नाही. चाळीस, मी म्हणालो. तीस, ती म्हणाली. पस्तीसवर ठरलं. पाडव्याचा विषय तिने काढला नाही. खिडकीच्या जाळीचंही काही बोलली नाही.

दुपारच्या गाडीला तिला बसवलं. गाडी सुटताना तिने खिडकीतून विचारलं, "फोन आठलाच करू ना?" मी म्हणालो, कर. कधी नाही उचलला तर घाबरू नकोस. बाहेर गेलेला असेन.

"कुठे जाणार तुम्ही?"

"असाच."

स्टेशनवरून चालत आलो. गल्लीत शिरलो तर चंद्रभान ओरडला, "अप्पा, पळा! नळ आलाय!" आठ दिवसांनी आला होता. शर्ट काढून खुंटीला लावला. मोटर सुरू केली, वरची टाकी लावली. टाकी भरेपर्यंत अंगणातल्या नळावर बादल्या, हंडे, दोन कळश्या भरून आत नेल्या. स्वयंपाकघरातलं पिंप पाइप लावून भरलं. एका माणसाला एवढं पाणी लागत नाही, पण पाणी आलंय म्हटल्यावर भरून घ्यायचं. शेवटी धार बारीक झाली तेव्हा तिच्यात पाय धुतले आणि नळ बंद केला.